अकरा आले की कडी

बारा माणसांच्या घरासाठी मी क्रूझवर अकरा जागा धरल्या. हो, मीच. घरात थोरली मी, आकडेमोडीत पक्की मी, दोन्ही भावांना उठताबसता अक्कल शिकवणारी मी, आणि माती खाल्ली तीही मीच. सुटलेली बारावी म्हणजे आमची आत्या. ती जहाजावर चढणार की घर राखत मागे राहणार, या काळजीने त्या वर्षी एक दिवस-रात्र माझं खाणंपिणं उडालं होतं. पण ते सांगायचं तर आधी आत्या सांगायला हवी. नाहीतर तुम्ही म्हणाल, असं कसं कुणी घरच्या माणसाला विसरतं? विसरतं हो. तिला विसरणं फार सोपं होतं.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणायची, दूध तापवायचं राहून गेल्यासारखं. एका मोठ्या इस्पितळाच्या चादरींच्या कोठीत तिने छत्तीस वर्षं काढली. तळघरातली लांबट खोली, छताला टेकलेल्या फळ्या, आणि सगळीकडे इस्त्रीचा कोमट वास. सकाळी वॉर्डात किती चादरी गेल्या, संध्याकाळी धुऊन किती परत आल्या, हे मोजणं तिचं काम. चार-चारच्या गठ्ठ्यांनी मोजायची, ओठसुद्धा न हलवता. उशीचा एक अभ्रा कमी आला तरी तीन मजले चढून तो हुडकून आणायची.

कोठीच्या बरोबर वर इस्पितळाचं स्वयंपाकघर होतं. पहाटेपासून डोक्यावर पातेली फरफटायची. त्यामुळे तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "डोक्यावर काय आहे ते बघितल्याशिवाय माणसाने खोली घेऊ नये." आम्ही खिदळायचो. आम्हाला कुठे खोल्या घ्यायच्या होत्या!

लहानपणी आम्ही दोन खोल्यांत राहायचो. आजी-आजोबा, आई-वडील, काका-काकू, आम्ही तीन भावंडं आणि काकाच्या दोन मुली. निजायची खोली एकच. भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या घातल्या की पाय ठेवायला जागा नसायची. खिडकीशी आजोबा, कारण त्यांना दमा. दाराशी आत्या, कारण... कारण काहीच नाही, ती कायमच दाराशी. गाद्या पडल्या की ती उंबऱ्यात उभी राहून डोकी मोजायची, मोठ्याने म्हणायची "अकरा", आणि कडी लावायची. वडिलांना कामावरून यायला उशीर झाला तर दाराला टेकून बसून राहायची. दहावर कडी लागत नसे. आमच्या घरात ती म्हणच पडली होती, अकरा आले की कडी. तो कडीचा आवाज ऐकला की मला जी झोप यायची तशी झोप नंतर कुठल्याही मऊ गादीवर आली नाही, खरं सांगते.

आता तुम्ही मोजा बरं. घरात माणसं किती? बारा. पण आमच्या टाळक्यात हे कधी शिरलंच नाही. शाळेत बाईंनी "तुमच्या घरात किती जण?" असं लिहायला सांगितलं, तेव्हा आम्ही तिघा भावंडांनी तीन वेगवेगळ्या वर्षी, तीन वेगवेगळ्या वह्यांत, अकरा लिहिलं. चुकून एकालाही बारा सुचलं नाही. आत्यानेच वह्यांना कव्हरं घातली होती. तिनेही ते वाचलं असणार.

एकदा मला ताप होता म्हणून मी तिच्या कुशीत दाराशी झोपले होते. दाराखालून गार वारा यायचा. मी विचारलं, "आत्या, तुला कुठे झोपायला आवडेल गं?"

"खिडकीशी," ती पटकन म्हणाली. जसं काही कुणीतरी विचारायचीच वाट बघत होती. मग माझं पांघरूण नीट करत म्हणाली, "पण मग दाराशी कोण झोपणार?"

आजोबा गेले, खिडकी काकांकडे गेली. काका काकूला आणि मुलींना घेऊन दूर राहायला गेले, तोवर आई आजारी पडली होती, खिडकी तिला दिली. मी चौदा वर्षांची असताना आई गेली. त्यानंतर आम्हा तिघांना आत्यानेच वाढवलं. कोठीतून दमून यायची आणि धाकट्याची ओली गादी उन्हात टाकायची. मी तिला त्या वयात काय काय बोलले आहे ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. "तू काही माझी आई नाहीस," हेही बोलले. ती म्हणाली, "नाहीच मुळी. पण दार लाव आधी, वारा येतोय."

वडील गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. आणि एक दिवस मधल्याने टूम काढली. मुलं लहान आहेत तोवर सगळ्यांनी मिळून क्रूझला जाऊ, चार दिवस एका छपराखाली राहू. मी लगेच फोनवर मोजायला बसले. मी, आमचे हे आणि दहा वर्षांची लेक, तीन. मधला, त्याची बायको, पाच वर्षांची जुळी पोरं आणि तीन वर्षांची चिमी, पाच. धाकटा, त्याची बायको आणि आठ महिन्यांचं बाळ, तीन.

"अकरा!" मी किंचाळलेच. "अरे, आपण पुन्हा अकरा झालो!"

इतका आनंद झाला मला. इतक्या वर्षांनी तोच आकडा! जुनी खोली, त्या गाद्या, सगळं परत आल्यासारखं वाटलं. आकडा ओळखीचा निघाला म्हणून मी तो तपासलाच नाही. आत्या समोरच मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती. "हो का?" म्हणाली. "बरं झालं."

बुकिंगच्या ऑफिसात एक किडकिडीत गृहस्थ होते. त्यांचा चष्मा कायम कपाळावर असायचा, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव कपाळचष्मे पडलं. त्यांनी जहाजाचे मजल्यामजल्याचे नकाशे टेबलावर पसरले आणि माझे डोळे पांढरे झाले. मला वाटलं होतं, तीन खोल्या घ्यायच्या, झालं. पण कसचं काय! एका केबिनमध्ये दोन खाटा खाली, दोन छतातून उघडणाऱ्या. वरच्या खाटेवर सहा वर्षांच्या आतलं मूल चालत नाही. बाळाचा पाळणा आत ठेवला की चालायला वाट उरत नाही. लहान मुलं आईबापांपासून तुटायला नकोत, म्हणजे मधलं दार असलेल्या केबिन हव्यात, आणि तीन सलग केबिन मधल्या दारांच्या अशा अख्ख्या जहाजात मोजून चार ठिकाणी.

मी नकाशांच्या प्रती घरी आणल्या आणि आत्यासमोर टाकल्या. ती जी उजळली! इस्पितळातली जुनी मोजपट्टी काढली, खडू काढला, आणि बैठकीच्या फरशीवर तिन्ही केबिन खऱ्या मापाच्या आखल्या. खाटा, कपाट, न्हाणीघराचं दार किती उघडतं त्याची गोल रेघ. तीन आठवडे आम्ही जहाजात राहत होतो. चहा घेऊन जाताना कुणीतरी ओरडायचं, "अगं, भिंतीतून काय चाललीस!" रविवारी भाऊ बायकामुलांसकट येत, आणि आत्या सगळ्यांना खडूच्या खाटांवर आडवं करायची. आमच्या ह्यांना वरची खाट आली. ह्यांच्या पोटाकडे एक नजर टाकून ती म्हणाली, "नको. खाली कोण झोपलंय त्याचा तरी विचार करा." जुळे हसून हसून लोळले.

बाल्कनीची केबिन तिने एका वाक्यात उडवली. "ही दोन माकडं असताना? मला काय वेड लागलंय?" दुसऱ्या सलग केबिनवर बोट ठेवून तिने विचारलं, "ह्यांच्या डोक्यावर काय आहे?" मी वरच्या मजल्याचा नकाशा वर धरून बघितला. नाचाचा हॉल. तिसऱ्या जागेवर स्वयंपाकघर. "पातेली," ती म्हणाली आणि तिने फुली मारली. चौथ्या जागेच्या शेजारी एक नाव नसलेलं बारकं खोपटं दाखवलं होतं. "ही चादरींची कोठी असणार. हीच जागा घ्या. पोरांपैकी कुणी उलटी केली तर चादर हाताशी." मी कपाळचष्मेंना विचारलं. त्यांनी कुठेतरी फोन केला, आणि खरंच ती चादरींची खोली निघाली. त्यांनी चष्मा पहिल्यांदाच डोळ्यांवर घेतला. "तुमच्याकडे जहाजावर काम केलेलं कुणी आहे का, ताई?"

शेवटच्या रविवारी सगळे आपापल्या जागी आडवे झाले. दोन वरच्या खाटा रिकाम्या उरल्या, त्या बॅगांना झाल्या. आत्या खडूच्या रेघेबाहेर, दाराशी उभी होती. तिने डोकी मोजली. "अकरा," म्हणाली, आणि गंमत म्हणून हवेतच कडी लावली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी, आकडेमोडीत पक्की, मीसुद्धा वाजवल्या. जागा त्याच संध्याकाळी पक्क्या केल्या.

पंधरा दिवसांनी कपाळचष्मेंनी सगळ्यांची कागदपत्रं मागवली. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आत्या, तुझा पासपोर्ट दे गं."

"माझा कशाला?"

"म्हणजे? जहाजावर काय तोंड बघून घेतात?"

ती भाजी निवडत होती. हात थांबले. "अगं, मी घरीच राहणार ना? तू अकरा म्हणाली होतीस."

माझ्या हातातलं उलथणं खाली पडलं. तीन, पाच, तीन. मी तीनदा मोजलं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आणि माणूस लाजेने मेला की काय करतो? ओरडतो. मीही तिच्यावरच कावले. "तोंड नव्हतं का तुला? तीन आठवडे फरशीवर रेघा ओढत होतीस, तेव्हा बोलता येत नव्हतं?"

"मला वाटलं, लेकरं लहान, जागा बेताची. घर राखायला कुणीतरी हवंच की." मग हळूच म्हणाली, "आणि मजा आली गं मला ते आखताना."

तिला राग आला असता तर परवडलं असतं. तीन आठवडे ती आपण जाणारच नाही असं धरून आमच्या प्रत्येकाच्या डोक्यावर काय आहे ते बघत होती. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी तिला ओढतच ऑफिसात नेलं. मला वाटलं, दोन वरच्या खाटा रिकाम्या आहेत, एक माणूस वाढवायला कितीसा वेळ. ती म्हातारी वर चढणार नाही, ह्यांना चढवू, पोटासकट. कपाळचष्मेंनी मान हलवली. "खाट आहे हो ताई, होडीत जागा नाही."

"कसल्या होडीत?"

"प्रत्येक भागाला जीव वाचवायच्या होड्या ठरलेल्या असतात. त्या भागातली माणसं होडीत मावतील तेवढीच घेतात. तुमचा भाग भरला. आता त्यात आठ महिन्यांचं बाळसुद्धा वाढवता येणार नाही."

त्यांनी दुसरा उपाय सुचवला. तिन्ही केबिन सोडायच्या. मग बारा जणांची सोय होते, पण तीन वेगळ्या मजल्यांवर, मधली दारं नाहीत, आणि त्यातली एक नाचाच्या हॉलखाली. "चालेल," मी म्हटलं. "करा."

"काही करायचं नाही!" आत्याने टेबलावर हात आपटला. तिला असा आवाज चढवताना मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. "चिमी झोपेत उठून चालते. मधलं दार नसलं तर पोर बाहेरच्या बोळात जाईल. माझ्यासाठी लेकरांची दारं बंद करशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"आणि तुला घरी ठेवून मी तिथे जाऊ? घास तरी उतरेल का मला?"

"उतरेल. दोन दिवस अवघड जाईल, मग उतरेल."

आम्ही दोघी तिथे चक्क भांडलो. मागे रांगेत उभे असलेले लोक ऐकत होते. कपाळचष्मे बिचारे मान खाली घालून नकाशे चाळत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आजी, एक केबिन आहे. अगदी पुढच्या टोकाला, एकाच माणसाची. लहान आहे. सकाळी नांगराच्या साखळीचा आवाज येतो, म्हणून कुणी घेत नाही. त्या भागाच्या होडीत एक जागा आहे. खिडकी आहे, गोल."

आत्या टेबलावर पुढे वाकली. मग तिने विचारलं, "डोक्यावर काय आहे?"

त्यांनी वरचा नकाशा बघितला. "काही नाही. उघडा डेक. तिथे कुणी जातही नाही."

मला वाटलं, आता ती हो म्हणेल. पण तिचा चेहरा उतरला. माझा हात धरून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला एकटीला झोपता येत नाही गं. मी कधी झोपलेच नाही." एकाहत्तर वर्षांची बाई. इस्पितळाच्या तळघरात एकटीने छत्तीस वर्षं काढलेली. "आणि पोरांच्या दाराशी कोण झोपणार?"

"मी."

"तू? तू ढाराढूर झोपतेस. घरावरून हत्ती गेला तरी कळायचं नाही तुला."

"नाही झोपणार. दाराला टेकून बसून राहीन. तू बसायचीस तशी."

तिने पिशवीतून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. सहा वर्षांपूर्वी काढलेला, आत एकही शिक्का नाही. म्हणजे घरून निघताना तिने तो बरोबर घेतला होता! लबाड.

जहाजावर पहिल्या सकाळी मी तिच्या केबिनमध्ये गेले तर ती पांघरुणाची चौकोनी घडी घालून, तयार होऊन बसलेली. उशी दाराच्या बाजूला होती. खिडकीकडे पाय करून झोपली होती बाई. "सवय गं," म्हणाली. "अकरा मोजलेस ना?" मी म्हटलं, "मोजले." दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी मी दार वाजवलं तर उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. शेवटी दार उघडलं, आणि केस मोकळे सोडलेली, डोळे चोळणारी आत्या उभी. साडेआठ वाजले होते. नांगराची साखळीसुद्धा तिला ऐकू आली नव्हती. उशी खिडकीशी होती.

"ये, बस," म्हणाली. आम्ही दोघी त्या एवढ्याशा खाटेवर गोल खिडकीला नाक लावून बसलो. "कालपासून बघतेय," ती म्हणाली. "नुसतं पाणी चाललंय. काही मोजता येत नाही. बरं वाटतं."

तेवढ्यात उरलेले दहाही जण तिला शोधत आले. एकाच्या खोलीत बारा जण! जुळे खाटेखाली, बाळ कपाटाला टेकवलेलं, आमचे हे दारात अडकल्यासारखे. आत्याने सवयीने मोजायला बोट उचललं. मी तिचं बोट धरलं आणि म्हटलं, "थांब. आज मी मोजते." मोठ्याने मोजलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून बारा म्हटलं, आणि ह्यांना आत ओढून कडी लावली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मीही.

त्यानंतर आत्या चार वर्षं होती. शेवटचं वर्षभर आजारीच होती. माझ्या घरात तिची खाट खिडकीशी होती, एवढं तरी माझ्या हातून झालं. गेली तेव्हाही दाराकडे पाठ होती, तोंड बाहेर होतं.

परवा धाकट्याचा फोन आला. मुलं मागे लागली आहेत, पुन्हा क्रूझला जाऊ म्हणतात. चिमीला त्या गोल खिडकीचं अजून आठवतं. "ताई, जागा धरतो. किती जणांच्या?"

फरशीवर बघत मी मोजलं. तीन, पाच, तीन. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"अकरा," मी म्हटलं.

"नीट मोजलंस ना? नाहीतर मागच्यासारखं..." तो चेष्टेत बोलून गेला आणि बोलता बोलताच थांबला.

"नीट मोजलंय रे," मी म्हटलं. "या वेळी चूक नाही."